खिद्रापूरचा कोपेश्वर : एक गाव, दोन देवालये

शिवालयात शिरताना भाविकाचा हात सवयीने नंदीच्या पाठीकडे जातो. नंदीच्या शिंगांमधून लिंगाचे दर्शन घ्यावे आणि मगच पुढे व्हावे, हा महाराष्ट्रभरचा रिवाज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी वसलेल्या खिद्रापूर या लहानशा गावी मात्र हा हात रिकामाच राहतो. येथील कोपेश्वराच्या भव्य मंदिरात खांब आहेत, हत्ती आहेत, द्वारपाल आणि सुरसुंदरी आहेत, पण शिवासमोर नंदी नाही. तो फुटला किंवा चोरीस गेला असे कोणी म्हणत नाही. तो गेला आहे, आणि कोठे गेला हेही गावकरी निःशंकपणे सांगतात.

कथा दक्षप्रजापतीच्या यज्ञाची आहे. दक्षाने मोठा यज्ञ मांडला, सर्व देवांना आमंत्रणे धाडली, आणि जावई असलेल्या शंकराला तेवढे वगळले. माहेरचे कार्य म्हणून सती न बोलावताच निघाली आणि जाताना नंदीवर बसून गेली. यज्ञमंडपात पतीची निंदा ऐकणे असह्य होऊन तिने आपला देह अग्नीला अर्पण केला. ते वर्तमान कळताच शंकराच्या क्रोधाला पारावार राहिला नाही. त्याच्या जटेतून वीरभद्र प्रकट झाला, यज्ञाचा विध्वंस झाला, दक्षाचे मस्तक गेले. तरीही शंकर शांत होईना. तेव्हा विष्णूने त्याची समजूत घातली आणि त्याला या ठिकाणी आणून बसविले. म्हणून येथील गाभाऱ्यात एक नव्हे, दोन लिंगे आहेत. कोप पावलेल्या शिवाचे ते कोपेश्वर, आणि त्याचे सांत्वन करणाऱ्या विष्णूचे ते धोपेश्वर. नंदी सतीला घेऊन गेला तो परतला नाही. कृष्णाकाठीच, आज कर्नाटकाच्या हद्दीत असलेल्या यडूर गावी तो आहे, असे परंपरा मानते. त्याच यडूरला वीरभद्राचे प्रसिद्ध देवस्थान आहे. दक्षाचा यज्ञ तेथेच झाला, अशी या भागातील श्रद्धा आहे.

पुराणकथा आपापल्या परिसरात कशा रुजतात, याचे हे सुंदर उदाहरण म्हणावे लागेल. दक्षयज्ञाची कथा भारतभर सांगितली जाते. मात्र कृष्णाकाठच्या लोकांनी ती काही कोसांच्या टापूत मांडली. सासर खिद्रापुरी, माहेर यडूरला, आणि मध्ये नदी. दैवताचे नावच त्याच्या मनोवस्थेवरून पडावे आणि ती मनोवस्था क्रोधाची असावी, हेही क्वचित आढळणारे आहे. क्रोध आणि मान या कषायांची चर्चा ज्यांच्या घरी पर्युषणात दरवर्षी होते, त्या वाचकांना ही कथा परकी वाटू नये. दक्षाचा मान आणि शंकराचा क्रोध एकमेकांना भिडले, आणि दोहोंची झळ लागली ती ज्या बिचारीचा काही दोष नव्हता तिला.

कथेतून इतिहासाकडे वळताना पहिला प्रश्न गावाच्या नावाचा येतो. खिद्रापूर हे नाव उत्तरकालीन आहे. येथील प्राचीन गाव कोप्पम असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. हे मत ग्राह्य धरले तर या शांत नदीकाठाला एक रक्तरंजित आठवण चिकटते. इ. स. १०५४ च्या सुमारास कोप्पम येथे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर पहिला आणि तंजावरचे चोळ यांच्यात घनघोर युद्ध झाले. चोळ सम्राट राजाधिराज हत्तीवरून लढताना मारला गेला, आणि त्याचा भाऊ राजेंद्र दुसरा याने रणांगणावरच स्वतःला अभिषेक करवून पराभवाचे विजयात रूपांतर केले. चोळांच्या लेखांत हे कोप्पम एका मोठ्या नदीच्या काठी असल्याचे म्हटले आहे. कर्नाटकातील कोप्पळ हेच ते गाव, असे मानणारा पक्षही आहे. निकाल लागलेला नाही. या लढाईनंतर शंभर वर्षांच्या आसपास येथे आजचे मंदिर उभे राहिले, आणि ते शिलाहारांच्या राजवटीत, याबद्दल मात्र फारसा मतभेद नाही.

शिलाहारांची तीन घराणी होती. उत्तर कोकणातील घराण्याच्या काळात अंबरनाथचे मंदिर झाले, दुसरे घराणे दक्षिण कोकणात नांदले, आणि तिसरे कोल्हापूर-मिरजेच्या मुलखात. तिघेही स्वतःला तगरपुराचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचे, मूळ अधिपती म्हणवीत. कोल्हापूरचे शिलाहार आपल्या बिरुदांत महालक्ष्मीच्या वरप्रसादाचा अभिमानाने उल्लेख करीत, आणि त्यांच्या ध्वजावर सुवर्णगरुड असे. गंडरादित्य, त्याचा पुत्र विजयादित्य आणि नातू भोज दुसरा या तीन पिढ्यांनी बारावे शतक जवळजवळ संपूर्ण व्यापले आहे. कोपेश्वराचे बांधकाम याच काळातले. ते एका राजाच्या कारकिर्दीत पुरे झालेले दिसत नाही, आणि काही जाणकारांच्या मते ते कधीच पुरे झाले नाही.

हा अपुरेपणाचा प्रश्न उपस्थित होतो तो मंदिराच्या पहिल्याच दालनात. त्याला स्वर्गमंडप म्हणतात. मुख्य मंदिरापुढे उभा असलेला हा वर्तुळाकार, चहूबाजूंनी मोकळा मंडप अठ्ठेचाळीस खांबांवर तोललेला आहे. खांब एकसारखे नाहीत. कोणी गोल, कोणी चौकोनी, कोणी अष्टकोनी, आणि एकाच खांबात खालपासून वरपर्यंत हे आकार बदलत गेलेलेही आढळतात. कठीण काळ्या दगडाला चकाकी येईपर्यंत घोटलेले आहे. मधल्या वर्तुळात बारा खांब आहेत. मंडपाच्या परिघावर गणपती, कार्तिकेय, इंद्र, यम, कुबेर इत्यादी देवता आपापल्या वाहनांसह विराजमान आहेत. आणि बारा खांबांच्या वर, जेथे घुमट असायला हवा, तेथे सुमारे तेरा फूट व्यासाचे गोल आकाश आहे. त्याच्या नेमके खाली, जमिनीवर, जवळपास तेवढ्याच आकाराची अखंड वर्तुळाकार शिळा बसविलेली आहे.

हे छत उघडे का? होमहवनाचा धूर जाण्यासाठी, असे एक उत्तर दिले जाते. घुमटाचे काम राहून गेले, असे दुसरे. दुसऱ्या उत्तरात तथ्य असू शकते, कारण या काळातील बहुतेक मंडपांचे छत एकावर एक वर्तुळे रचीत वर नेऊन शेवटी मधल्या कमळाने मिटविलेले असते, आणि येथील रचनाही त्याच पद्धतीने वर चढत जाते. पण वर पाहणाऱ्याला उणीव जाणवत नाही, हेही तितकेच खरे. खालची शिळा आणि वरचे आकाश यांची जोडी इतकी नेटकी जुळते, की हे काम अर्धवट सोडून दिलेले आहे असे म्हणवत नाही. कदाचित ते राहून गेले असेल आणि ज्यांनी पाहिले त्यांना ते तसेच आवडले असेल.

कार्तिकी पौर्णिमेला, त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री, चंद्र या गवाक्षाच्या बरोबर वर येतो आणि त्याचा प्रकाश खालच्या शिळेवर पडतो, ही गोष्ट आता सर्वदूर पोहोचली आहे. यात चमत्कार नाही, हिशेब आहे. खिद्रापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस पावणेसतरा अंशांच्या आसपास आहे. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असल्याने तितकाच उत्तरेकडे सरकतो. त्यामुळे त्या रात्री तो या अक्षांशावर जवळजवळ माथ्यावरून जातो. वर्षावर्षाला थोडा फरक पडतो इतकेच. याच नियमाने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारचा सूर्यही या गवाक्षातून सरळ खाली उतरत असला पाहिजे. मात्र मे महिन्याच्या दुपारी तापल्या दगडावर अनवाणी उभे राहून ते पाहायला कोण जाणार!

स्वर्गमंडपातून पुढे सभामंडपात गेले की उजेड ओसरतो. येथे साठ खांब आहेत. दगडी जाळ्यांतून येणारा प्रकाश मोजकाच, आणि डोळे सरावल्याशिवाय खांबांवरचे काम दिसत नाही. त्यापुढचे अंतराळ अधिक काळोखे, आणि गाभारा तर समईच्या ज्योतीपुरताच उजळलेला. उघड्या आकाशाखालून टप्प्याटप्प्याने अंधारात नेण्याची ही योजना पाहिली की स्थपतीने मनाशी काय धरले असेल याचा अंदाज येतो. कोपलेल्या देवाला बसायला एकांत हवा होता.

बाहेरून मंदिराला प्रदक्षिणा घालणाऱ्याने घाई करू नये. तळाचा आराखडा ताऱ्यासारखा असल्याने भिंत सरळ धावत नाही. कोनामागून कोन बाहेर येत आत जाते, आणि प्रत्येक कोनावर शिल्प आहे. सुरसुंदरी, दर्पण धरलेल्या नायिका, नर्तकी, वादक, देवदेवता. सर्वांत खाली हत्तींची रांग म्हणजे गजपट्ट आहे. हत्तींची संख्या सामान्यतः ब्याण्णव सांगितली जाते. त्यांच्या पाठीवर देवता आरूढ आहेत. सारे मंदिर जणू या हत्तींनीच उचलून धरले आहे. पण त्यांतील बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या, मुखे फोडलेली आहेत, आणि वरच्या मूर्तींचीही तीच गत आहे. परंपरा याचा ठपका मोगलांच्या दक्षिणेतील स्वाऱ्यांवर ठेवते. घाव घालणारा कोणीही असो, त्याने निवडून हाताला येईल तेवढेच फोडले. उंचावरच्या मूर्ती त्यामानाने शाबूत राहिल्या आहेत.

खिद्रापूरला येणारे बहुतेक पर्यटक येथूनच परततात. त्याच गावात, पायी काही मिनिटांच्या अंतरावर, भगवान आदिनाथांची प्राचीन बस्ती आहे. ती आकाराने लहान आहे, पण दगड तोच, काळही शिलाहारांचाच, आणि खांबांची घडण पाहिली तर हातही त्याच परंपरेचे दिसतात. कोपेश्वराचे खांब डोळ्यांत ठेवून बस्तीच्या मंडपात यावे, म्हणजे ही ओळख पटण्यास पुस्तक लागत नाही. एका देवालयात कोपलेला शिव, आणि दुसऱ्यात कषाय जिंकलेले प्रथम तीर्थंकर.

असे शेजार या घराण्याच्या राज्यात अपवाद नव्हते. गंडरादित्याच्या इ. स. १११० च्या ताम्रपटात नमूद आहे की त्याने मिरज प्रांतातील इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शंकर, बुद्ध आणि अर्हत या तिघांची स्थापना करून तिघांनाही जमिनी दिल्या. आजरे येथे याच राजाने बांधविलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात बसून सोमदेवांनी इ. स. १२०५ मध्ये जैनेंद्र व्याकरणावर ‘शब्दार्णवचंद्रिका’ ही टीका पूर्ण केली. तेव्हा गादीवर भोज दुसरा होता. गंडरादित्याचा सामंत निंबदेव हा निष्ठावान श्रावक. कोल्हापुरातील रूपनारायण बस्ती त्याचीच, आणि कवडेगोळ येथील पार्श्वनाथ बस्तीही त्याचीच.

या शेवटच्या बस्तीचा लेख व्यापारी घराण्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. तो इ. स. ११३५ चा. बस्ती सामंताने बांधली, पण तिचा चालू खर्च उचलला तो व्यापाऱ्यांनी. ऐहोळेच्या पाचशे स्वामींचा म्हणून ओळखला जाणारा मोठा व्यापारी संघ त्या काळी दक्षिणेत पसरलेला होता. त्याचे सभासद स्वतःला वीर-बणंज म्हणवीत. कोल्हापूर, मिरज आणि इतर पेठांतील हे व्यापारी एकत्र जमले, आणि बाजारात येणाऱ्या मालावर ठराविक वाटा बस्तीला देण्याचे त्यांनी आपसांत ठरविले. यात दातृत्व आहेच, पण त्याहून अधिक लक्षात घेण्यासारखी आहे ती पद्धत. एकदाच मोठी रक्कम देऊन नाव कोरून घेण्यापेक्षा उलाढालीशी बांधलेला लहान, नित्याचा भाग त्यांनी पसंत केला. पेठ चालेल तोवर दिवा जळेल, असा तो करार होता. आजही पेठांतील बिलांवर धर्मादायाची ओळ आढळते. ती किती जुनी आहे, याची कल्पना ती लिहिणाऱ्यालाही बहुधा नसते.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. विजयादित्याचा इ. स. ११४३ चा कोल्हापूर येथील लेख वासुदेव नावाच्या एका गृहस्थाने बांधलेल्या पार्श्वनाथ बस्तीसाठी आहे. माघनंदी सिद्धांतदेवांचा हा शिष्य. जैन बस्ती बांधणाऱ्याचे नाव वासुदेव असावे, यावरूनही त्या काळच्या वातावरणाची कल्पना यावी. राजाने शेत, फुलबाग आणि घर दिले. कशासाठी, तर अष्टविध अर्चनेसाठी, तेथील यतींच्या आहारासाठी, आणि ‘खंडस्फुटित-जीर्णोद्धारा’साठी, म्हणजे जे फुटेल, तडकेल त्याच्या डागडुजीसाठी. हा शब्द त्या काळच्या दानलेखांत, शैवांच्या आणि जैनांच्याही, पुन्हा पुन्हा येतो. इमारत उभी राहते त्याच दिवशी ती झिजू लागते, हे त्या लोकांना ठाऊक होते. घसाऱ्याची तरतूद त्यांनी मूळ दस्तऐवजातच करून ठेवली. दान हिरावून घेणाऱ्यासाठी लेखाच्या शेवटी शापवचन असे. कोकणातील शिलाहारांच्या दगडांवर तर अशा माणसासाठी गाढवाचे ओंगळ चित्र कोरलेले असे. त्या दगडांना गधेगाळ म्हणतात. भाषा असभ्य खरी, पण ज्याला वाचता येत नाही त्यालाही अट कळावी ही काळजी त्यात होती.

म्हणून सर्वत्र असेच सलोख्याचे युग होते असे समजणे बरोबर होणार नाही. त्याच बाराव्या शतकात, खिद्रापूरहून फार दूर नसलेल्या आजच्या हावेरी जिल्ह्यातील अब्लूर येथे शैव आणि जैन यांच्यात तीव्र कलह झाला. एकांतद रामय्या या शिवभक्ताने जैनांवर मिळविलेल्या विजयाची आणि तेथील जिनमूर्ती फोडल्याची हकिगत अब्लूरच्या सोमनाथ मंदिरातील लेखात तपशीलवार कोरलेली आहे. वाद राजा बिज्जळाच्या दरबारात गेला आणि तेथून रामय्याला जयपत्र मिळाले. कल्याणीत आणि आसपास हे घडत असता खिद्रापुरात दोन देवालये एकमेकांजवळ उभी होती. ती तशी राहिली यामागे राजाचा निश्चय होता, सामंतांचा होता, आणि दोन्हीकडे माल पोहोचविणाऱ्या पेठेचाही होता. कलहाने पेठ बसते, हे व्यापाऱ्याला राजाआधी कळते.

इ. स. १२१२ च्या सुमारास हे राज्यच गेले. देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण दक्षिणेत उतरला. त्याने भोज दुसऱ्याचा पराभव करून त्याला पन्हाळ्यावर बंदिवान केले, आणि कोल्हापूरच्या शिलाहारांची गादी संपली. ज्या घराण्याने कोपेश्वर बांधला त्याचाच नायनाट करणारा हा विजेता. मंदिराच्या दक्षिण दाराजवळ बाहेरच्या अंगाला याच सिंघणाचा एक लेख आहे. येथील इतर लेख जुन्या कन्नडातले, हा तेवढा संस्कृतात आणि देवनागरी लिपीत. तो शके ११३६, म्हणजे इ. स. १२१३-१४ चा आहे. त्यात सिंघणाने मिरज प्रांतातील कुडलदामवाड हे गाव कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी दिल्याची नोंद आहे.

तारखांकडे लक्ष द्यावे. राज्य पालटल्यानंतर अवघ्या एक-दोन वर्षांतील हे दान आहे. शत्रूच्या राजधानीचा बंदोबस्त अजून चालू असेल, वसुलीची घडी बसायची असेल, आणि तेवढ्यात नव्या राजाने जुन्या राजाच्या मंदिराला एक सबंध गाव तोडून दिले. त्याची भक्ती खरी असेलच. त्याचबरोबर, नव्या मुलखातील लोकांना आपली खाती नव्या मालकाकडेही सुरक्षित आहेत असा भरवसा देण्याचा याहून खात्रीचा मार्ग त्याला सापडला नसता. राजाची मुद्रा बदलली, देवाचे येणे चालू राहिले.

कुडलदामवाडचे उत्पन्न पुढे केव्हा बंद झाले, ते कोणत्याही भिंतीवर कोरलेले नाही. आज मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. ज्या नदीने हे स्थान पवित्र केले तीच आता त्याची मोठी काळजी झाली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आणि पंचगंगा यांनी शिरोळ तालुक्याची वाताहत केली, तेव्हा खिद्रापूरही पाण्याने वेढले गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. असा पूर ओसरताना मागे चिखल टाकून जातो, दगडांच्या सांध्यांत ओल शिरते, आणि ‘खंडस्फुटित’ हा जुना शब्द नव्याने अर्थपूर्ण होतो. बस्तीलाही तेच पाणी आणि तोच चिखल सोसावा लागतो. तिच्याकडे पाहणारे मात्र कमी असतात.

येथे जायचे तर कोल्हापूरहून साठेक किलोमीटरचा रस्ता आहे. रेल्वेने जयसिंगपूरला उतरून नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड करीत पुढे जाता येते. सकाळी लवकर पोहोचले तर स्वर्गमंडपातील खांबांच्या सावल्या तिरप्या पडलेल्या दिसतात आणि गर्दीही नसते. कार्तिकी पौर्णिमेला जाणाऱ्यांनी गर्दीची तयारी ठेवावी. त्या रात्री चंद्र गवाक्षावर येण्याची वाट पाहत शेकडो माणसे शिळेभोवती उभी असतात. कार्तिक शुद्ध अष्टमीला सुरू झालेल्या अष्टाह्निका पर्वाची सांगताही त्याच पौर्णिमेला होते, आणि मंडपावर येणारा तोच चंद्र काही पावलांवरच्या आदिनाथांच्या बस्तीवरही असतो.